ताशी अठरा किलोमीटरची परीक्षा

(मंडळाच्या गणेशोत्सवात त्सुकुबा इथे केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आरती झाली, मोदक झाले, मुलांचे नाच झाले. आता जेवणाआधी अर्धा तास उरलाय आणि समितीनं तो मला दिलाय. मागून मसालेभाताचा वास येतोय, त्यामुळे वेळेचं भान मला कुणी करून द्यायची गरज नाही.

मोटारी हा माझा धंदा नाही, हे आधीच सांगतो. शिक्षणानं मी कॉम्प्युटर इंजिनीअर आणि पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. पण गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो असताना दहा दिवसांत आईबाबांबरोबर मी चार छोट्या ऑटोमॅटिक गाड्यांच्या टेस्ट ड्राइव्ह घेतल्या. ही बातमी आपल्या मंडळात फुटली आणि फोन सुरू झाले. "अरे, आमच्याही बाबांना घ्यायची आहे, कुठली घेऊ?" सात-आठ फोन झाल्यावर अध्यक्षा म्हणाल्या, सगळ्यांना एकदमच सांगून टाक.

तर मंडळी, कुठली घ्या हे मी सांगणार नाही. मॉडेलं दर वर्षी बदलतात, किमती दर महिन्याला बदलतात, आणि तुमच्या घरचे गुडघे माझ्या घरच्या गुडघ्यांपेक्षा वेगळे असणार. कशी पाहावी, एवढंच सांगतो.

गुडघ्यांचा विषय निघालाच आहे तर तिथूनच सुरुवात करू. माझे बाबा ७१ वर्षांचे. बँकेतून निवृत्त. मारुती ८०० पासून गाडी चालवतायत, आणि आजवर गाडीला एक ओरखडा नाही असं ते सांगतात. (आई दोन सांगते.) दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालणं-फिरणं ठीक झालं, पण गर्दीत गाडी चालवून आले की संध्याकाळी बर्फाची पिशवी घेऊन बसायचे. का, ते बघायला मी एकदा त्यांच्या शेजारी बसलो आणि मोजलं. कोथरूडहून सदाशिव पेठेत मावशीकडे जाताना, संध्याकाळी साडेसहाला, बाबांनी १८७ वेळा क्लच दाबला. अंतर जेमतेम सहा किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला तीसेक बैठका, त्याही एकाच पायावर.

बाबांचं यात काही खास नाही. टॉमटॉम ही नकाशे करणारी कंपनी दर वर्षी जगभरच्या शहरांतल्या रहदारीचा निर्देशांक काढते. २०२४ च्या यादीत पुणं जगात चौथं होतं. कोलकाता दुसरं, बंगळूर तिसरं. पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद लागत होते. गणित करा, ताशी १८ किलोमीटर होतात. आणि ही दिवसभराची सरासरी आहे. संध्याकाळी कर्वे रोडवर नळ स्टॉपच्या अलीकडे तुम्ही उभे असाल, तर ताशी १८ हा सुद्धा वेगच वाटतो.

आता आपण जिथे बसलो आहोत त्या गावाबद्दल थोडं. टेस्ट ड्राइव्हबद्दल बोलायला जपानात यापेक्षा योग्य जागा मिळणार नाही. आपल्यातले बरेच जण केंक्यु-गाकुएन स्टेशनच्या आसपास राहतात. तिथली बाग, मॉल, नव्या इमारती आपण रोज बघतो. हे सगळं होण्याआधी तिथे मोटारींची परीक्षा घेण्याचा ट्रॅक होता. तेव्हा हे गाव याताबे म्हणून ओळखलं जायचं. १९८७ मध्ये आजूबाजूची गावं एकत्र करून त्सुकुबा शहर झालं, त्यात याताबे आलं. जपान ऑटोमोबाइल रिसर्च इन्स्टिट्यूटचा हा ट्रॅक १९६४ मध्ये तयार झाला, साडेपाच किलोमीटरचा लांबट गोल. ऑक्टोबर १९६६ मध्ये टोयोटानं आपली २०००जीटी ही गाडी इथे सलग तीन दिवस, तीन रात्री पळवली. मध्ये वादळ आलं, तरी थांबली नाही. ७२ तासांची सरासरी निघाली ताशी २०६ किलोमीटर. तीन जागतिक विक्रम झाले. पुढे त्सुकुबा एक्स्प्रेस यायची ठरली, २००५ मध्ये ट्रॅक उत्तरेला शिरोसातोला हलला आणि त्याच वर्षी २४ ऑगस्टला रेल्वे सुरू झाली.

हे अशासाठी सांगितलं, की गाडीची परीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही तो याताबेचा, म्हणजे वेगाचा ट्रॅकच येतो. शोरूमचा मुलगासुद्धा तसाच घडलेला असतो. तो सकाळी अकराला बोलावतो, मोकळ्या रस्त्यावर नेतो आणि म्हणतो, "सर, जरा दाबा ना, पिकअप बघा!" मंडळी, माझ्या वडिलांना पिकअप नको होता. त्यांना १८७ चा शून्य करून हवा होता. त्यांच्या गाडीची परीक्षा घ्यायची, तर ती ताशी १८ लाच घ्यायला हवी. बाकी सगळं त्यातून येतं.

त्याआधी दोन मिनिटं गिअरबॉक्सबद्दल, कारण 'ऑटोमॅटिक' या एका शब्दाखाली निदान चार वेगळे प्राणी विकले जातात.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. हा सगळ्यात जुना. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा, त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरायला लागेल. इथे वाऱ्याऐवजी तेल असतं. इंजिन आणि चाकं एकमेकांना घट्ट जोडलेली नसतात, म्हणून ब्रेकवर उभं राहिलं तरी इंजिन बंद पडत नाही, आणि ब्रेक सोडला की गाडी आपोआप हळूच पुढे सरकते. या सरकण्याला क्रीप म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. हा प्रकार मऊ चालतो, टिकतो. पण महाग पडतो आणि पेट्रोल किंचित जास्त पितो.

दुसरा प्रकार सीव्हीटी. यात ठरावीक गिअर नसतातच. दोन पुल्या आणि त्यांवर एक पट्टा. पुल्यांचा व्यास कमी-जास्त होत राहतो. हॉलंडच्या डाफ कंपनीनं १९५८ मध्ये अशी मोटार दाखवली, तीत रबरी पट्टे होते. आता ते पोलादी असतात. हे काहीतरी परकं आहे असं समजू नका. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकनं होंडाबरोबर १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आणली. बटण दाबा, चालू करा, गिअर नाही, क्लच नाही. ती हीच पट्ट्याची करामत. म्हणजे पुण्यातल्या बायका चाळीस वर्षांपासून सीव्हीटी चालवतायत, फक्त तिला कुणी सीव्हीटी म्हणत नव्हतं. दोष एकच, जोरात दाबलं की आधी आवाज वाढतो आणि मग वेग. रबर ताणल्यासारखं वाटतं.

तिसरा एएमटी. यात गिअरबॉक्स तुमचा नेहमीचाच, हातानं बदलायचा. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला एक यंत्र बसवलेलं. अदृश्य ड्रायव्हरच म्हणा. भारतात मारुतीनं २०१४ च्या फेब्रुवारीत सेलेरिओमध्ये हा आणला आणि छोट्या गाडीतली ऑटोमॅटिक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. साध्या गाडीपेक्षा साधारण अर्धा लाख रुपये जास्त, आणि मायलेज जवळपास तेवढंच. गंमत म्हणजे सुझुकीनं हाच प्रकार २०१४ मध्येच इथे जपानात आल्टोलाही दिला होता, पण २०२१ साली आलेल्या नव्या आल्टोत तो नाही, फक्त सीव्हीटी आहे. जपानी गिऱ्हाईक झटक्याला तयार नसतं. झटका म्हणजे काय, तर अदृश्य ड्रायव्हर गिअर बदलतो तेव्हा क्षणभर ओढ तुटते आणि आपली मान पुढे होते. अनुभवी माणूस त्याच क्षणी अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडतो, मग कळतही नाही. पण ही युक्ती शिकावी लागते.

दोन क्लचचा डीसीटी म्हणून आणखी एक आहे. तो चपळ असतो, पण त्यातल्या कोरड्या क्लचच्या गाड्या लांबलचक गर्दीत तापू शकतात, तेव्हा तो घेणाऱ्यानं तेवढं विचारून घ्यावं. आणि चौथी, इलेक्ट्रिक. तिला गिअर बदलणं हा प्रकारच नाही. इथे निस्सानची साकुरा २०२२ मध्ये आली, २० किलोवॅट-तासांची बॅटरी, कागदावर १८० किलोमीटर. त्याच वर्षी तिकडे टाटांची टियागो ईव्ही आली. गर्दीत उभं राहताना इलेक्ट्रिक गाडी एसी सोडून फारसं काही खात नाही. शहरासाठी हा मोठा फायदा. पण सोसायटीत चार्जरचा पॉइंट कुठे आणि कुणाच्या मीटरवर, हे आधी मिटवा. आमच्या सोसायटीत ते अजून वार्षिक सभेत आहे.

बरं, छोटीच गाडी का? पुणेकराला वाटतं, छोटी म्हणजे तडजोड. आपण जपानात राहतो, आपल्याला माहीत आहे की तसं नाही. पिवळ्या नंबरप्लेटची केई-कार: लांबी ३.४० मीटरच्या आत, रुंदी १.४८ च्या आत, इंजिन ६६० सीसीच्या आत. वर्षाचा कर १०,८०० येन. या चौकटीत बसवण्यासाठी इथल्या इंजिनीअरांनी अक्षरशः कोपरा न् कोपरा वापरला, आणि वळायला साडेचार मीटरच्या आसपास त्रिज्या पुरते अशा गाड्या केल्या. आपली १९८३ ची मारुती ८०० सुद्धा सुझुकीच्या अशाच छोट्या गाडीवरून आलेली. भारतातही कर लांबीवर आहे. चार मीटरच्या आतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांना २००६ पासून सवलत आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. तेव्हा गल्लीत, पार्किंगमध्ये आणि खिशात मावणारी गाडी बघण्यात कमीपणा काही नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. प्रोग्रॅम लिहून झाला, आम्ही तपासला, सगळं हिरवं आलं, तरी तो चालू करत नाहीत. ज्या बाईला रोज त्यावर काम करायचंय तिला खुर्चीत बसवतात, तिच्याच कागदांवर, तिच्याच घाईच्या वेळी. आम्ही मागे हात बांधून उभे राहायचं. 'हे बटण दाबा' असंसुद्धा म्हणायचं नाही. याला युजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्ट म्हणतात. माझ्या अनुभवात अर्धे दोष इथे सापडतात, कारण लिहिणारा जसा वापरतो तसा वापरणारा वापरत नाही.

टेस्ट ड्राइव्ह ही वापरणाऱ्यानं घ्यायची परीक्षा आहे. आपण परदेशातून जातो, दोन आठवडे हातात असतात, आपणच चालवून बघतो, आपणच पैसे भरतो, 'सरप्राइज' म्हणून किल्ली देतो आणि विमानात बसतो. मग ती गाडी वर्षभर कव्हरखाली उभी. आपल्यातल्या दोन घरांत हे झालेलं आहे, नावं घेत नाही. तेव्हा पहिला नियम: जो चालवणार, त्यानंच चालवायचं. आपण मागच्या सीटवर, आणि तोंड बंद. दुसरं सगळ्यात अवघड.

दुसरा नियम: रस्ता आपला आणि वेळ आपली. आम्ही शोरूमला सांगितलं, संध्याकाळी साडेसहाला गाडी घरी पाठवा. एका ठिकाणी सरळ नाही म्हणाले. "सर, त्या वेळी ट्रॅफिक असतं." म्हटलं, अहो, तेच बघायचंय! ते सोडून दिलं. बाकीच्यांनी पाठवली. आणि पाठवण्याआधी ऑटोमॅटिकच पाठवताय ना, ज्या इंजिनाची घ्यायची तीच ना, हे फोनवर दोनदा विचारा. एकदा आमच्या दारात क्लचवाली येऊन उभी राहिली. बाबा म्हणाले, "ही माझ्याकडे आहे."

तिसरा नियम: काय बघायचं ते कागदावर लिहून न्या, नाहीतर शोरूमचा मुलगा तुम्हाला टचस्क्रीन दाखवत बसतो. आमच्या कागदावर सहा गोष्टी होत्या.

एक, क्रीप. सपाट रस्त्यावर ब्रेक हळू सोडा. गाडी माणसाच्या चालीनं सरकते का, की धक्का देऊन सुटते, की उभीच राहते? गर्दीत निम्मा वेळ गाडी या सरकण्यावरच चालते. ते मऊ असेल तर उजवा पाय फक्त ब्रेकवर खेळतो.

दोन, चढ. पौड रोडनं चांदणी चौकाकडे चढताना गाड्यांच्या रांगेत थांबा. आणि त्याहून कठीण म्हणजे तुमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगचा रॅम्प. मध्यावर थांबा, ब्रेक सोडा, मनात दोन आकडे मोजा. गाडी मागे येते का? हिल-होल्ड असेल तर दोन-तीन सेकंद धरून ठेवते. एएमटीत हे हवंच. आणि एएमटी चढावर अ‍ॅक्सिलरेटर देऊन थोपवून धरायची नाही, क्लच घासून तापतो. ब्रेकनं धरायची.

तीन, फट. रिक्षा आणि बस यांच्या मध्ये जी एक गाडीची जागा निर्माण होते, ती पुण्यात दीड सेकंद टिकते. शून्यापासून तीसपर्यंत गाडी मागितल्याबरोबर जाते का, की विचार करते? शून्य ते शंभरचा आकडा छापील पत्रकात असतो. आपल्या कामाचा शून्य ते तीस आहे, आणि तो पायालाच कळतो.

चार, मागे-पुढे. अरुंद गल्लीत तीन वेळा मागे-पुढे करून गाडी वळवा. रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकल्यावर गाडी किती वेळानं ऐकते ते बघा. आणखी एक, जपानात राहणाऱ्यांनी नीट ऐका. इथे आपल्याला पार्किंगचा 'पी' इतका अंगवळणी पडलेला असतो, की तो सगळीकडे असणार असं वाटतं. बऱ्याच एएमटी गाड्यांत 'पी' नसतोच. गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढायचा आणि मग उतरायचं. घरी हे नीट समजावून सांगा.

पाच, भार. एसी पूर्ण, चार माणसं आत. मुलगा एकटा, एसी बंद, सकाळचा गारवा, ही परीक्षा नव्हे.

सहा, बसणं-उठणं. सीटची उंची गुडघ्यापेक्षा फार खाली असेल तर क्लच नसला तरी उपयोग नाही. चढउतार करतानाच गुडघा बोलतो. दहा वेळा बसा, दहा वेळा उठा. शोरूमवाले हसतात. हसू द्या.

आता जे घडलं ते सांगतो, कारण कागदावर नसलेली सातवी गोष्ट त्यात सापडली.

पहिली टेस्ट ड्राइव्ह. बाबा खुशीत. शंभर मीटर छान गेली. पुढे स्पीडब्रेकर आला. चाळीस वर्षांची सवय! डावा पाय क्लच दाबायला आपोआप उठला. क्लच नव्हता. होता रुंद ब्रेक, आणि क्लच दाबतात तसा तो तळापर्यंत दाबला गेला. गाडी जागच्या जागी थांबली. आई पुढच्या सीटवर आदळली, पट्ट्यानं धरली. मागच्या स्कूटरवाल्यानं कशीबशी बाजू काढली आणि जाता जाता आमच्या घराण्याची पुणेरी शब्दांत चौकशी केली. लागलं कुणालाच नाही. पण बाबांचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत.

मंडळी, इथे मला आपल्या जपानचं आठवलं. १९ एप्रिल २०१९, इकेबुकुरो. ८७ वर्षांच्या एका गृहस्थांची गाडी सिग्नल तोडून माणसांत घुसली. एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी गेली. २०२१ मध्ये कोर्टानं निकाल दिला, की ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला होता. त्या २०१९ सालात देशभरात सुमारे सहा लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केलं. इथे ७५ नंतर लायसन्स नूतनीकरणाला स्मरणशक्तीची तपासणी असते. चुकीचं पेडल दाबलं तर गाडीनंच आवरावं अशी यंत्रणा सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक मॉडेलांना बंधनकारक करायचं ठरलंय. ऑटोमॅटिकनं डाव्या पायाची सुटका होते हे खरं, पण चालणं आणि थांबणं, दोन्ही एकट्या उजव्या पायावर येतं. विकणारा हे सांगत नाही, कारण त्याला कुणी विचारत नाही.

म्हणजे मी जे सोपं समजून निघालो होतो, ते सोपं नव्हतं. बाबांना ऑटोमॅटिक द्यावी की गाडीच बंद करावी? फोनवर हा प्रश्न आपण सगळेच टाळतो. वडिलांना 'आता गाडी चालवू नका' म्हणणं म्हणजे नुसतं गाडीबद्दल बोलणं नसतं. मावशीकडे जाणं, दवाखाना, नाटक, मंडई, सगळं दुसऱ्याच्या सवडीवर जातं. आणि सांगणारा मुलगा साडेसहा हजार किलोमीटरवर बसलेला. तो येऊन थोडाच सोडणार आहे?

दुसऱ्या दिवशी आम्ही सोसायटीच्या मागच्या रिकाम्या मैदानात बाबांची जुनीच गाडी घेऊन गेलो. इंजिन बंद. फक्त डावा पाय सीटखाली ओढून ठेवायचा आणि उजव्यानं दोन पेडलांवर जायचं-यायचं, पन्नास वेळा. बाबांनी कुरकुर न करता केलं. दुसऱ्या टेस्ट ड्राइव्हला डावा पाय दोनदा हलला, तिसरीला एकदा. बँकेतला माणूस, त्यांनी स्वतःच वहीत नोंद ठेवली होती.

तिसरी गाडी सीव्हीटी होती. त्या दिवशी बाबा म्हणाले, "आज हिला चालवू दे." हिला म्हणजे आईला. आई ६६ वर्षांची. चारचाकीचं लायसन्स तिनं कधीच काढलेलं, नूतनीकरणही वेळच्या वेळी केलेलं. पंचावन्ननंतर ते दर पाच वर्षांनी करावं लागतं. पण गाडी मात्र तिनं कधी चालवली नव्हती, कारण क्लच सोडताना गाडी बंद पडायची आणि शेजारून सूचना यायच्या. तीस वर्षं तिनं कायनेटिक होंडा चालवली, नंतर दुसरी बिनगिअरची. आई बसली. आरसे लावले. शोरूमचा मुलगा म्हणाला, "काकू, एकदम स्मूद आहे, घाबरू नका." आई म्हणाली, "मी कुठे घाबरत्येय, तूच दार घट्ट धरलंयस."

तिच्या डाव्या पायाला क्लच माहीतच नव्हता, त्यामुळे विसरायचं काही नव्हतं. कर्वे रोडला साडेसहाची गर्दी लागली. ती सरकली, थांबली, सरकली. रॅम्पच्या मध्यावर थांबून दोन आकडे तिनं मोठ्यानं मोजले. वर आल्यावर म्हणाली, "अरे, ही तर माझी कायनेटिकच आहे. फक्त पाऊस लागत नाही." सव्वा तासात बाबांनी तिला एकच सूचना केली, तीही चुकीच्या वळणाची. उतरल्यावर त्यांनी किल्ली मुलाला परत न देता आधी आईच्या हातात दिली. कुणी त्यावर काही बोललं नाही.

चौथीही बघितली, पण ठरलं होतं. सीव्हीटी घेतली, एएमटीपेक्षा महाग पडली, बाबांनी त्यावर दोन दिवस हिशेब केला आणि मग सही केली. वाटणीही त्यांनीच ठरवली. संध्याकाळची गर्दी, पेठा आणि रात्र आईकडे; सकाळी लवकरचे मोकळे रस्ते बाबांकडे, आणि तेही डावा पाय वहीत सलग महिनाभर शून्य झाल्यावर. दर वाढदिवसाला हे पुन्हा तपासायचं. हे मी त्यांना शिकवलेलं नाही. मी मागे बसलो होतो.

तेव्हा मंडळी, तुमच्यातले जे या डिसेंबरात जाणार आहेत त्यांना एवढंच सांगतो. दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवा. कागदावरच्या सहा गोष्टी लिहून न्या आणि सातवी पायांची. बाबांना बसवा, आणि बाबांबरोबर आईलाही बसवा, तिनं 'मला कुठे जमतंय' म्हटलं तरी. चालवणारा कोण, हे कधी कधी गाडीच्या निवडीतच ठरतं. आणि कुणाच्या घरी परीक्षेनंतर 'आता गाडी नकोच' असं निघालं, तर तेही उत्तर खरंच आहे. मग रिक्षाचा महिन्याचा हिशेब मांडून द्या आणि तो आपण भरा. गाडीच्या हप्त्यापेक्षा तो निश्चित कमी येतो.

प्रश्न असतील तर जेवताना विचारा. मला बोलावणं आलंय, मसालेभात निवतोय.

गणपती बाप्पा मोरया!